प्रोसेसरला गप बसवण्याची गोष्ट

काही न करणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट, असं ज्याला वाटतं त्याने ती एकदा करून बघावी. धाकटीला तर ती दुसऱ्याकडून करवून घ्यायची होती, तीही एका कोऱ्या करकरीत प्रोसेसरकडून, आणि गुरुवारच्या आत. कारण शुक्रवारी सकाळी समुद्राकडे जाणाऱ्या बसमध्ये तिला आईशेजारी बसायचं होतं.

आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. यंत्राचं चाक आणि आईचा पाय, दोघांपैकी कोण कुणाला फिरवतं हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. आता डोळे थकले, यंत्रावर चादर पडली, आणि आईच्या मनाने एकच घेतलं: समुद्रासमोर बसायचं आणि काही म्हणता काही करायचं नाही. पण दर खेपेला धाकटीच्या ऑफिसात काहीतरी उपटायचं आणि समुद्र पुढे ढकलला जायचा. या खेपेला आईने फोनवर स्वच्छ सांगून टाकलं, "जमत नसेल तर तसं सांग बाई. मी शेजारणीला नेते."

शेजारीण मनाने सोन्याची. पण तिचं बोलणं सुरू झालं की रेडिओनेही लाजून मान खाली घालावी. ती सोबत गेली तर आईच्या कानावर लाटेचा आवाजसुद्धा पडायचा नाही, हे धाकटीला पुरतं ठाऊक होतं.

"येणार आहे मी," ती म्हणाली.

"तुझं येणार आणि पावसाळ्यातलं ऊन," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

रजेची किल्ली प्रमुखबाईंच्या हातात होती. प्रमुखबाई सरळ बोलायच्या. "चाचण्या हिरव्या, तर रजा हिरवी. चाचण्या लाल, तर तू इथे लाल."

धाकटीचं काम डीबगरचं. डीबगर म्हणजे धावत्या प्रोग्रॅमला मध्येच हात आडवा घालून उभं करणारा प्रोग्रॅम. तो म्हणतो, थांब. कुठे निघालास? तुला कुणी धाडलं? आणि त्याला कुणी धाडलं? असं विचारत विचारत तो थेट मूळपुरुषापर्यंत जातो. हातात काय आहे ते मूठ उघडून दाखवायला लावतो. मग म्हणतो, जा, पण एकच पाऊल. लहानपणी धाकटी दारात उभी राहून आल्यागेल्याला नेमकं हेच विचारायची. कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यातच अडकायचं. म्हणून दादाने तिचं नाव ठेवलं होतं खोळंबा. पुढे त्याच गुणाला पगार मिळायला लागला, तेव्हा आई दादाला म्हणाली, "बघ. चिंधीसुद्धा वाया जात नाही."

तर नवा प्रोसेसर आला की हा डीबगर त्याच्यावरही नीट विचारपूस करतो का, हे बघायला चाचण्या असतात. त्या थेट प्रोसेसरच्या बोलीत, म्हणजे असेंब्लीत लिहिलेल्या. एक छोटं फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि मग सगळी आपापल्या घरी परततात. चाचण्या सगळ्यांना त्याच. नव्या प्रोसेसरसाठी फक्त एक लहानशी फाइल लिहायची. तुमच्यात खोलीत शिरतात कसं, बाहेर पडतात कसं, दुसऱ्याला हाक कशी मारतात, आणि काहीच करत नाहीत ते कसं, एवढंच तिच्यात सांगायचं.

पहिल्या तिन्ही गोष्टी धाकटीने हातावेगळ्या केल्या होत्या. मध्ये एक गंमत झाली तेवढीच. हा प्रोसेसर परतीचा पत्ता एकाच खिशात ठेवणारा निघाला, नवा आला की जुना पुसला जाणारा, आणि जुन्या फाइलीवरून उतरवताना तिने तो जपून ठेवायची ओळच लिहिली नाही. डीबगरने तिसऱ्या फंक्शनला विचारलं, तुला कुणी धाडलं? ते म्हणालं, मी. आणि तुला? मी. आणि त्याला? मीच. पडदाभर स्वतःच स्वतःचा बाप. धाकटी पोट धरून हसली, मग तिने चूक सुधारली.

घोडं अडलं ते चौथ्या गोष्टीवर. काही न करणारा आदेश या चाचण्यांना लागतोच. जिना चढताना मध्ये चौक असतो ना, तसा. तिथे काही घडत नाही, पण उभं राहायला जागा मिळते. डीबगरला थांबवायचं, एकेक पाऊल चालवून बघायचं, तर पायाखाली अशा चार रिकाम्या पायऱ्या हव्यात. जगातला प्रत्येक प्रोसेसर असा एक आळशी आदेश पदरी बाळगून असतो. या प्रोसेसरच्या जाडजूड माहितीपुस्तकात मात्र तो पुढून सापडला नाही, मागून सापडला नाही, शेवटी धाकटीने पुस्तक उलटं धरून हलवलं, तरी पडला नाही.

लिफ्ट बंद होती. ती जिन्याने पाचव्या मजल्यावर गेली आणि प्रत्येक चौकात मुद्दाम उभी राहिली.

पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दादा होता. प्रोसेसर त्याचाच. म्हणजे सख्खा भाऊ तो, आणि प्रोसेसरचा जन्मदाताही तोच. फोन खांद्यात, स्क्रूड्रायव्हर हातात, आणि पायाने खुर्ची टेबलाखाली सारणं चाललेलं. ऑफिसात पाठीमागे सगळे त्याला भिंगरी म्हणायचे.

"दादा, काही न करणारा आदेश कुठाय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"काढून टाकला. माझा प्रोसेसर कधी रिकामा बसत नाही. रिकामं बसायला त्याला जन्माला घातलंय का?"

"अरे, पण चाचण्यांना लागतो तो."

"मग चाचण्यांना काम शिकव." त्याने बोलता बोलता तिच्या कॉलरवरचा सुटलेला दोरा तोडला. "सगळी गाडी सुसाट चाललीय आणि हिला मध्ये थांबा हवाय. उगाच नाही खोळंबा म्हणत तुला."

"शुक्रवारी आराखडा कारखान्यात जाणार ना तुझा?"

"शुक्रवारी. तोवर पाटीवरची अक्षरं आहेत, पुसली, पुन्हा लिहिली." टेबलावरच्या बोर्डाकडे त्याने बोट दाखवलं. त्यावरच्या बदलत्या चिपमध्ये प्रोसेसर तात्पुरता मांडलेला होता. "एकदा सिलिकॉनमध्ये उतरला की काळ्या दगडावरची रेघ. पण तुझ्यासाठी मी एक अक्षर हलवणार नाही, आधीच सांगतो."

धाकटी हरणारी नव्हती. ती त्याच प्रयोगशाळेत कोपऱ्यातलं टेबल अडवून बसली. काही न करणारा आदेश नसेल, तर काहीतरी असं करवून घेऊ की केलं न केलं सारखंच.

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेले छोटे खण. आधी तिने लिहिलं, तिसऱ्या खणातलं उचल आणि तिसऱ्याच खणात ठेव. असेंब्लर, म्हणजे तिचं लिहिलेलं प्रोसेसरला समजेल अशा आकड्यांत उतरवणारा प्रोग्रॅम, दादाच्या तालमीत तयार झालेला. त्याने ती ओळ वाचली, यात काही अर्थ नाही असं ठरवलं आणि कुणाला न सांगता गिळून टाकली. डीबगर पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेला तो थेट तळमजल्यावर. मग तिने लिहिलं, पाचव्या खणात शून्य मिळव. तेही गिळलं. शून्य वजा कर. गिळलं. जणू सासरी आलेली सून चहा हळू पिते म्हणून कुणी कपच काढून घ्यावा.

एकेक खण करत ती सातव्यावर आली. सातव्यात शून्य मिळव. आणि काय नवल, असेंब्लरने ओळ तशीच ठेवली. तिने ती ओळ चार वेळा लिहिली, चाचण्या सोडल्या, आणि एकापाठोपाठ एक हिरवा दिवा लागू लागला. धाकटीच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहिला.

टुं, टुं, टुं, टुं, असा आवाज आला.

शेजारच्या पॅन्ट्रीतून काका बाहेर आले. पॅन्ट्री तेच सांभाळायचे. "कुणाचा डबा गरम झाला?" त्यांनी विचारलं. कुणाचा नाही. ते आत गेले. टुं, टुं, टुं, टुं. आता हिशेब खात्यातली दोन माणसं हातात चमचे घेऊन आली, मायक्रोवेव्ह उघडून बघितला, तर आत नुसता दिवा. "दार उघडलं की पळून जातं की काय जेवण," त्यातलं एक माणूस म्हणालं. पुन्हा टुं टुं. चाचण्या पुष्कळ होत्या आणि प्रत्येकीत चार रिकाम्या पायऱ्या. थोड्या वेळाने अख्खा मजला चमच्यासकट पॅन्ट्रीच्या दारात उभा, आणि काका मायक्रोवेव्हची तार हातात धरून सगळ्यांना दाखवताहेत, की बघा, मी तर केव्हाच काढली.

दादा गर्दीतून वाट काढत आला. "सातव्या खणात कुणी हात घातला?"

"मी. शून्यच तर मिळवलं," धाकटी म्हणाली.

"सातव्याला बाहेरची वस्तू जोडतात. त्यात काहीही लिहिलं, शून्य मिळवून तेच परत लिहिलं, तरी ती वस्तू चालू होते. इथे आम्ही भोंगा जोडलाय. म्हणून तर असेंब्लर त्याला हात लावत नाही."

"हिरवं झालंय सगळं. भोंगा काढून टाक, झालं."

"आणि गिऱ्हाईक? त्यांची कपडे धुण्याची यंत्रं आहेत. त्यांनी सातव्याला ड्रम जोडलाय. त्यांच्याकडे या चाचण्या चालल्या, की काही न करता लोकांच्या पँटी गरगर फिरणार."

हिशेब खात्यातली माणसं चमचे खिशात घालून निघून गेली. धाकटीने हिरव्या ओळी स्वतःच्या हाताने पुसल्या. होत्या तशाच नेऊन प्रमुखबाईंना दाखवल्या असत्या तर रजा मिळाली असती, पण कुणाची तरी पँट तिच्या मानगुटीवर बसली असती.

संध्याकाळी आईचा फोन आला. पलीकडून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज येत होता आणि आई भरता भरता गुणगुणत होती. यंत्रावर बसून गायची तेच,

सुई पुढे, दोरा मागे,
टाका टाक्यापाठी लागे,
बस जिवा घडीभर,
काम कधी सरले का गे.

"शेजारीण विचारत होती, टोपी आणू का," आई म्हणाली.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," धाकटी म्हणाली. "दादा आडवा आलाय."

"दादा आणि आडवा? तो झोपेतसुद्धा चादरीच्या घड्या घालतो." आई हसली. "पेटीवर बसव त्याला."

आईने हे हसण्यावारी नेलं होतं, पण धाकटीच्या डोक्यात ते टाचणीसारखं जाऊन बसलं.

लहानपणी दोघं भांडायला लागली की आई यंत्र थांबवायची नाही. नुसती मान वळवून म्हणायची, गप. की कापडांच्या मोठ्या पेटीवर एका टोकाला धाकटीने, दुसऱ्या टोकाला दादाने बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, काही करायचं नाही. जो आधी हलेल तो हरला. हरलेल्याने लोहचुंबक घेऊन जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायच्या. दादाने अख्खं बालपण टाचण्या वेचण्यात घालवलं. इतकं, की धाकटीला बरीच वर्षं वाटायचं, चुंबक त्याचंच खेळणं आहे.

गुरुवारी जेवणं उरकल्यावर ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, काही न करणं सोपं असतं ना?"

"त्यात काय असतं. म्हणून तर त्याला वेगळा आदेश लागत नाही."

"मग करून दाखव. मी कालच्याच ओळी घालून चाचण्या सोडते, भोंग्यासकट. त्या संपेपर्यंत या खुर्चीवर गप बसायचं. बसलास, तर मी प्रमुखबाईंना सांगते की खोट माझ्या चाचण्यांत आहे, आणि रजा सोडते. हललास, तर मला माझा आदेश द्यायचा, आणि उद्या समुद्रावर यायचं."

दादाने हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला. "मी आता मोठा झालोय, खोळंबा."

"बस तर मग."

तो बसला. हात मांडीवर, पाठ ताठ. पॅन्ट्रीचे काका दाराला टेकून बघायला थांबले. धाकटीने कळ दाबली. टुं, टुं, टुं, टुं.

सुरुवातीला दादा भिंतीकडे बघत होता. भिंतीवरचं घड्याळ किंचित तिरकं होतं. त्याने नजर काढून घेतली. नजर टेबलावर गेली. टेबलावरच्या चिकटपट्टीचं टोक सुटलेलं होतं. त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्याचा अंगठा तर्जनीवर काहीतरी मोजायला लागला, तो त्याने मुठीत कोंडला. कपाळावर घामाचा थेंब आला. काकांनी सहानुभूतीने स्वतःचं कपाळ पुसलं.

टुं, टुं.

"निम्म्या झाल्या," धाकटी हळूच म्हणाली.

तेवढ्यात बोर्डावर, अगदी चिपच्या डोक्यावर, कुठून तरी एक सूत येऊन बसलं. कापडाचं बारीकसं सूत, शिंपिणीच्या घरात वाढलेल्या माणसालाच दिसेल असं. पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होतं. धाकटीला ते दिसलं, पण तिने हात लावला नाही. तिला स्वतःला पेटीवर बसायची सवय होती.

दादाचा हात उठला. तो उठला हे दादाला कळलंच नाही. हाताने सूत उचललं, मग बोर्डाच्या कोपऱ्यातला सैल स्क्रू त्याला दिसला, तो त्याने चिमटीत फिरवला, तो निघूनच हातात आला, बोर्ड कलंडला आणि तार सुटली. टुं चा आवाज अर्ध्यात तुटला. पडद्यावर सगळं लाल.

धाकटी डीबगरच्याच सुरात म्हणाली, "थांब. कुठे होतास?"

"खुर्चीवर," दादा म्हणाला.

"कुणी धाडलं तुला इथे?"

"कुणी नाही. मी... मीच."

"हातात काय आहे?"

दादाने मूठ उघडली. एक स्क्रू आणि एक सूत.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला.

"ते तर तुला करताच येत नाही, दादा."

दाराशी काका खोकल्याचं निमित्त करून हसले. दादाने तो स्क्रू बोर्डात परत बसवला. मग खुर्ची वळवून त्याने आराखडा उघडला, आणि पडद्याकडे बघत कुरकुरला, "चुंबक आणलं नाहीस ना बरोबर?"

काही न करणारा आदेश घालायचा तर नवं काही बांधावं लागत नाही, म्हणूनच शेवटच्या दिवशीही तो घालता आला. चहा यायच्या आत दादाने तो घातला. धाकटीने आपल्या फाइलीत त्याला चारदा लिहिलं, आणि चाचण्या सोडल्या. लाल.

"आता काय झालं?" दादा चिडला. "दिला ना आदेश."

धाकटीने डीबगर उघडला आणि प्रोसेसरला एकेक पाऊल चालवलं. पहिल्या पायरीवरून तो एकदम शेवटच्या पायरीवर. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. ती खुदकन हसली. "दादा, हा तुझ्यावर गेलाय. याला चार वेळा गप बस म्हटलं, तर हा म्हणतो, एकदाच बसतो, बाकीचं धरून चाला. आणि पळाला पुढे."

खरंच होतं. दादाने प्रोसेसरला शिकवून ठेवलं होतं, की काम नाही असं दिसलं की वाट बघू नकोस, पुढचं उचल. आणि हा घरच्या वळणाचा मुलगा तेच करत होता.

"म्हणजे त्याला प्रत्येक वेळी पूर्ण बसवायचं?" दादाने विचारलं.

"प्रत्येक वेळी. पूर्ण."

"काहीही न करता."

"पेटीवर."

दादाने मान हलवली, जणू कुणी त्याला जिवंत मासा गिळायला सांगितला होता. पण पैजेचा शब्द मोठा. त्याने ती घाई कापून काढली, त्याच्या हाताखालच्या माणसांनी उरलेली दुपार तपासण्यात घालवली, आणि मग तो टेबलाशी आला. "नाव काय द्यायचं याला?"

"गप," धाकटी म्हणाली.

माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर ते गेलं. गप: हा आदेश काही करत नाही, आपला वेळ पूर्ण घेतो. त्याचा आकडा शून्य ठेवला होता, कारण बाकीचे आकडे इतर आदेशांनी घेतले होते, शून्यच एकटं कोपऱ्यात बसून होतं. धाकटीने चाचण्या सोडल्या. भोंगा वाजला नाही. पॅन्ट्रीतून कुणी बाहेर आलं नाही. हिरवं, हिरवं, हिरवं, पावसानंतरच्या माळासारखं शेवटच्या ओळीपर्यंत हिरवं. प्रमुखबाईंनी वर येऊन बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "जा. आणि भावाला घेऊन जा, इथे खुर्च्या हलवतो."

सकाळी बसस्टँडवर आई आधीच येऊन बसली होती. धाकटीमागून दादाला येताना बघून तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. तिने पिशवीतून तीन तिकिटं काढली.

"तिसरं शेजारणीचं का गं?" धाकटीने विचारलं.

"शेजारणीचं कसलं. तिला समुद्र म्हटला की चक्कर येते, टोपीबिपी सगळं माझंच. मुलं दोन असली की तिकिटं तीन काढायची असतात." आईने दादाची बॅग हातात घेऊन वजन बघितलं. "यात लॅपटॉप आहे की विटा?"

दुपारी तिघं वाळूवर बसली. समुद्र आपल्या कामाला लागलेला, येतोय, जातोय. आई पाय पसरून बसली आणि धाकटी तिच्या खांद्याला टेकली. दादाही बसला. मग त्याने चपला जोडून ठेवल्या. मग आईच्या चपला जोडल्या. मग वाळूत हाताने एक चौकोन सपाट केला, आणि त्याची कड तिरकी आली म्हणून पुसला.

"हरलास," धाकटी डोळे न उघडता म्हणाली.

आईने पदराच्या गाठीतून काहीतरी काढून दादाच्या हातावर ठेवलं. जुनं लोहचुंबक होतं, एका टोकाचा लाल रंग उडालेलं.

"इथे टाचण्या कुठल्या?" दादा म्हणाला.

"लाव तर खरं."

त्याने ते वाळूत फिरवलं. वर काढलं तर त्याला काळ्या बारीक कणांची दाट मिशी फुटली होती. वाळूतलं लोखंड. दादाने ते डोळ्यांजवळ नेलं, हळूच झटकलं, पुन्हा फिरवलं. मिशी पुन्हा फुटली. तो गुडघ्यांवर बसला, रुमाल पसरला आणि समुद्रकिनाऱ्यावरचं लोखंड वेचायला लागला, आणि त्या दिवशी त्याचा आवाज आला नाही.

"त्याला बसवलंस की नाही तू?" आईने विचारलं.

"त्याच्या प्रोसेसरला बसवलं," धाकटी म्हणाली. "तो जमेल तसा बसेल."

आई लाटांकडे बघत होती. हात मांडीवर पडलेले, त्यांत ना सुई, ना दोरा. थोड्या वेळाने ती गुणगुणायला लागली. चाल जुनीच होती, शब्द मात्र धाकटीने आधी कधी ऐकले नव्हते,

लाट पुढे, फेस मागे,
लाट लाटेपाठी लागे,
बसले मी घडीभर,
घडी माझी सरेना गे.